तेरा प्रलय, एक कोपरा

९ ऑक्टोबर २०१२
टँकरच्या ढुंगणावर यम काढला. रेड्यावर बसलेला, हातात मोबाईल. खाली लिहिलं — 'एकवीस डिसेंबरला येतो, तवर पाणी भरून घ्या.' कारभारीभाऊ आले. गॅरेज त्यांचं, टँकर त्यांचे. बघितलं, बाजूला पान थुंकले. "सांड्या, टँकर सरकारी कामाला जातो. यम पूस." मी म्हटलं, लोक हसतेत. "लोकाला पाणी पायजेल. हसून तहान भागती व्हय?" पण जाताना पुन्हा वळून बघितलं आन् खुदकन हसले. यम ऱ्हायला.

टीव्हीवर दिवसभर तेच चालू. माया म्हणून कुणी लोक होते, त्यांचं कॅलेंडर एकवीस डिसेंबरला संपतं, म्हणून जग संपणार. दगडावर कोरत बसले असतील, जागा संपली असंल, थांबले. आमच्या गॅरेजच्या भिंतीवर गेल्या सालचं कॅलेंडर हाय अजून. त्याचं जग कवाच बुडलं. आम्ही त्याच्यावर हात पुसतो.

१२ ऑक्टोबर
आईचा फोन, देवगाव रंगारीहून. "आज तुझा टँकर आला व्हता."

तिला वाचता येत नाय. पण टँकरच्या मागं खाली कोपऱ्यात मी लिहितो — सांडू पेंटर, चिकलठाणा, आन् खाली नंबर. सगळे पेंटर लिहितेत, बोर्ड बघून गिऱ्हाईक यावं म्हणून. 'डू'चं शेपूट मी पाखरासारखं लांब ओढतो. तेवढं आईला वळखू येतं. टँकर आला की बाया नळीकडं पळतेत, ही आधी मागं जाऊन कोपरा बघती.

"फोनवर तू समदं बरंच हाय म्हणून सांगतूस," म्हणली. "कोपरा ताजा दिसला की मला पटतं."

यम कसा वाटला, विचारलं. "रेडा लई वाळलाय. छावणीत बांध त्याला."

१९ ऑक्टोबर
एक माणूस मोटारसायकलवर यमाच्या मागं मागं जालना रोडवरून थेट गॅरेजात आला. कुरता, गळ्यात कॅमेरा. शंतनू सर. पुण्याला चित्रकला शिकून आलेत. "हे तू काढलंस?" म्हटलं व्हय. "कुठे शिकलास?" म्हटलं, सातवीत नापास झालो, तिथं.

त्यांना एकवीस डिसेंबरलाच प्रदर्शन करायचंय. तेरा चित्रं, कारण माया लोकांच्या काळाचे बी तेरा तुकडे. विषय — प्रलय. "कन्सेप्ट माझी तयार आहे. मला फक्त हात हवाय."

मी त्यांच्या हाताकडं बघितलं. चांगले दोन होते.

पण कॅनव्हास मी कधी बघितला नव्हता. पत्रा, भिंत, टँकर — एवढंच. हो म्हणलो.

४ नोव्हेंबर
रविवार. सरांच्या गच्चीवरची खोली. कॅनव्हासला हात लावला तर दचकलोच — ढोलकीसारखा. सर खुर्चीत बसून सांगतेत, "काळ वर्तुळाकार आहे, सांडू. जिथून निघतो तिथेच परत." म्हटलं व्हय सर, टँकरचं बी तसंच हाय. ते हसले नाय. वहीत मात्र लिहून घेतलं.

पहिलं चित्र — माया लोकांचं गोल कॅलेंडर. सरांनी पुस्तकातलं दाखवलं होतं, सगळी जिभा काढलेली तोंडं. मी जिभा ठेवल्या, तहानेल्या. मधी सूर्य. त्याची जीभ नळाखाली, नळ कोरडा. कडेनं तारखेचं एकेक घर — नळ येणार, नळ आला नाय, लाईट गेली, पाव्हणे आले, पाव्हणे जाईनात.

"मला व्यथा हवी होती," सर म्हणाले. मग बराच वेळ बघत बसले. "चालेल. यात आयरनी आहे."

काय हाय त्याच्यात, मी नाय विचारलं. मी घातलेलं नव्हतं.

११ नोव्हेंबर
दिवाळीला गावी गेलो नाय. 'लेक व्ह्यू रेसिडेन्सी'ची भिंत रंगवली. नव्या बिल्डिंगी, सात मजले. तळं मीच काढलं, निळंगार. दुसरं तळं तिथं कुठंच नाय.

२५ नोव्हेंबर
सात चित्रं झाली. यमाचा रेडा चारा छावणीत बांधलेला, म्हणून यम एस्टीनं येतो — खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो. एक गोळा आभाळातून पृथ्वीवर आदळायला निघालाय, पण जालना रोडला खोदकामात अडकून हॉर्न मारतोय. लेक व्ह्यूचा एजंट जगातल्या शेवटच्या माणसाला फ्लॅट दाखवतोय.

सातवं माझं आवडीचं. जग बुडवायला डोंगराएवढी लाट आली. साहेब लोक उलटं पळतेत. आन् आमच्या बाया हंडे घेऊन लाटेकडं पळतेत. रांगेवरून भांडणं. सगळ्यात पुढं आई. पायात एकच चप्पल, कारण पळताना दुसरी तुटती तिची, नेहमी.

पेपरातल्या बाई बघायला आल्या होत्या. सरांनी त्यांना चित्रं दाखवली, मग मी दिसलो. "हा आमचा मुलगा, रंगकामाला असतो." बाई माझ्याकडं बघून हसल्या. स्टुलाकडं बघून कुणी तेवढं बी हसत नाय.

९ डिसेंबर
तेरा पुरी झाली. आन् घोटाळा.

सर चष्मा लावून सातव्या चित्राच्या कोपऱ्याशी वाकले. मग सहाव्या. मग खाली बसून सगळीच तपासली. तेराच्या तेरा चित्रांवर — सांडू पेंटर, चिकलठाणा, खाली नंबर.

आई शप्पथ, मला कळलंच नाय कधी लिहिलं. काम संपलं की हात आपोआप कोपऱ्यात जातो. पाच वर्षांची सवय.

"अरे, हा काय किराणा दुकानाचा बोर्ड आहे?"

म्हटलं, सर, नंबर काढतो. नाव ऱ्हाऊ द्या. सर म्हणाले, निमंत्रणाच्या पत्रिका छापल्यात, चित्रकार म्हणून त्यांचंच नाव हाय. "विचार ज्याचा, सही त्याची. घर गवंडी बांधतो, नाव कुणाचं असतं?"

गवंड्याचं पाहिजे, असं तोंडावर आलं. गिळलं. गिळायला आपण पहिल्यापासून पटाईत.

१० डिसेंबर
सरांनी कोपरे झाकायला ॲक्रिलिक रंगाच्या नळ्या दिल्या. तो एकदा वाळला की निघत नाय. मी शाळेतली पोरं वापरतेत तो पोस्टर कलर लावला. तो पाणी लागलं की सुटतो.

पण सुटणार कसा? या साली पाणी कोण सांडतंय?

१६ डिसेंबर
आईचा फोन. "एकवीसला घरी ये."

"तू बी टीव्हीवाल्यांचं ऐकती व्हय?"

"भुकतेत ते. मला काय कळत नाय? पण चुकून खरंच असलं तर? तू तिथं, मी इथं. मरायचंच तर एका जागी मरू. एकट्यानं कामून मरायचं?"

त्या दिवशी प्रदर्शन हाय, म्हटलं. माझी तेरा चित्रं मोठ्या हॉलात लागणारेत. तूच ये.

"तेरा? समद्यांवर नाव हाय तुझं?"

"हाय की."

"मग येते. कोपरे बघते."

फोन ठेवला. आता आईला खरंच जग बुडलेलं दिसणार.

२१ डिसेंबर
आई सकाळी नऊला स्टँडवर उतरली. पिशवीत भाकरी, ठेचा. "उपाशी मरायला नको."

हॉल थंडगार, एसीचा. सर मधी उभं राहून बोलत होते, पन्नासेक लोक भोवती. आई कुणाकडं न बघता एकेक चित्राच्या कोपऱ्याशी वाकत चालली. पहिलं. दुसरं. तिसरं. सातव्याशी थांबली, वर बघितलं.

"मी एवढी काळी हाय व्हय रे?" मग, "चप्पल बरुबर काढलीस." मग पुन्हा खाली वाकली. "नाव कुठंय?"

"इथं नसतं टाकायचं, आई."

"कामून? तू तर म्हणलास हाय."

ती कोपऱ्याकडं निरखून बघत ऱ्हायली. तिथला निळा बाकीच्या निळ्यापेक्षा जरा मळका. मी वळखला असता, तिनं बी वळखला. पदराचं टोक तोंडात धरलं, ओलं केलं — लहानपणी माझं थोबाड पुसायची तसं — आन् घासलं. एकदा. दोनदा.

पाखराचं शेपूट बाहेर आलं.

"ही बघ घाण बसली व्हती," असं म्हणून पुढच्या चित्राकडं गेली. टोक पुन्हा तोंडात.

"अहो आजी! हात लावू नका!" सर पळत आले. मागं सगळे लोक. पेपरातल्या बाई खाली वाकल्या आन् मोठ्यानं वाचलं — सांडू पेंटर, चिकलठाणा. मग नंबर बी वाचला, एकेक आकडा. वाचता वाचता मोबाईलमधी टाकला.

"तो आमचा मुलगा," सर म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "रंगकाम—"

आई वळली. पदर निळा झालेला. "तुमचा कसा, साहेब? माझा हाय."

मला कुणीतरी विचारलं, हे तुम्ही काढलंय का. आजवर कितीदा गिळलं असंल. आज म्हटलं, "व्हय. तेराच्या तेरा."

सर बाहेर निघून गेले. मी आन् आई पायऱ्यांवर बसून भाकरी खाल्ली. ऊन पडलं होतं. जग बुडायचं काय चिन्ह दिसंना. "मग मी जाते सकाळी," आई म्हणली.

२२ डिसेंबर
सरांचे नऊ फोन. उचलले नाय. दहावा अनोळखी, बाईमाणूस. "सांडू पेंटर का? ती लाटेकडे पळणारी बाई मला घरात हवी आहे. मिळेल?"

म्हटलं, "ती सकाळच्याच एस्टीनं गेली. आज गावात टँकरचा दिवस हाय. दुसरी काढून देतो. पण कोपऱ्यात नाव येईल."