ऑर्व्हिलच्या पाठीवरचा चौकोन

डुलुथ, रविवार

प्रिय नेल्स,

परवा फोनवर तू माझ्या बसलेल्या आवाजाचं कारण विचारलंस आणि मी सर्दी सांगितली. सर्दी नव्हती, संताप होता. बाकी बरं आहे. तळ्यावरचा बर्फ हटत नाही आणि गुडघे कुरकुरतात, एवढंच.

माझं काम तुला ठाऊक आहे. डॉक्टर फाइलमध्ये आजार लिहितात, मी हॉस्पिटलच्या नोंदीसाठी त्याला ठरलेला कोड लावते. लहानपणी तू माझ्या जाड कोडपुस्तकातून अंतराळयानातल्या अपघाताचा कोड शोधून काढायचास आणि हसून लोळायचास.

गेल्या सोमवारी ऑर्व्हिल नावाच्या म्हाताऱ्या ट्रकचालकाची फाइल आली. पाठीवर तळहाताएवढी चौकोनी जखम, कडा पट्टीने आखल्यासारख्या. डॉक्टरांनी लिहिलंय, हीटिंग पॅडने भाजलं. नर्सने खाली नोंदवलंय, पेशंटच्या घरी हीटिंग पॅडच नाही. मागची पानं चाळली. डिसेंबरात हृदयाच्या नळीचं काम, पाठीकडून एक्स-रेचा चौकोनी झोत, पावणेचार तास. कातडी किरणांनी जळली, हे माझ्यासारख्या कॉलेज न पाहिलेल्या बाईलाही कळतं. पण डॉक्टर लिहीत नाहीत तोवर मला तो कोड लावता येत नाही. फक्त विभागाच्या नावाने लेखी विचारता येतं, तेही उत्तर न सुचवता. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच, हीटिंग पॅड.

अरे, नळी अवघड होती, वेळ लागला, माणूस वाचला. त्यासाठी डॉक्टरांना कोण फासावर देणार होतं? पण येत्या गुरुवारी त्याला पुन्हा त्याच मशीनखाली घेणार आहेत. फाइलमध्ये खरं नसेल, तर किरण पुन्हा त्याच जागी पडतील आणि ती जखम जन्मात भरायची नाही. नर्सची शेवटची नोंद वाचून तर माझं डोकंच फिरलं. ऑर्व्हिल आता म्हणतो, "असेल बुवा भाजलं. हल्ली माझ्या लक्षात राहत नसेल."

डिसेंबरच्या कामाखाली आणि त्या हीटिंग पॅडखाली, दोन्हीकडे डॉक्टर म्हणून नाव तुझं आहे, नेल्स. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी त्याच दिवशी वर कळवलं असतं. तुझं होतं म्हणून सहा दिवस गप्प बसले, त्याची मला लाज वाटते. आज फाइल हॉस्पिटलच्या चौकशी समितीकडे पाठवली. उद्या दहाला तुला बोलावतील. हे पत्र मी स्वतः तुझ्या दारात टाकून जाते आहे, ते एवढ्याचसाठी. त्यांच्यासमोर जाण्याआधी ऑर्व्हिलला फोन कर. त्याचं डोकं शाबूत आहे, हे त्याला तुझ्या तोंडून कळू दे.

तुझीच, म्हणून तर इतकी चिडलेली,
आई