बटणांच्या डबीतल्या बॅटऱ्या

ता. ९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू घेऊन दिलेलं कानातलं मशीन मिळालं. दवाखान्यात ठकीच्या कानाचा साचा घेऊन बसवूनही दिलं. चार वर्षांच्या तुझ्या भाचीने पहिल्यांदाच दार आपटलेलं ऐकलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही इतके दिवस तो आवाज मीच लपवून ठेवला होता. मला रडू आवरेना. हे तेच दार पुन्हा आपटून बघायला लागले.

मशीनची काळजी नको. जिवापाड जपते आहे. मंगळवारी बोलायच्या वर्गाला जाताना आणि पाहुणे आले की घालते, एरवी मऊ कापडात गुंडाळून कपाटात. किल्ली यांच्या खिशात. बॅटऱ्या महाग, म्हणून त्याही जपूनच वापरते. पाकिटातल्या सगळ्यांच्या पाठची रंगीत चिकटपट्टी एकदमच काढली आणि बटणांच्या डबीत ओळीने लावून ठेवल्या, म्हणजे घाईत शोधाशोध नको. मला धांदरट म्हणतोस ना? आता बोल!

वर्गाच्या बाई मात्र म्हणतात, काहीच प्रगती नाही. वर्गासाठी दोन बस बदलाव्या लागतात, अख्खा दिवस जातो आणि शिलाई तशीच पडून राहते. वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझी,
बेबी

ता. २१ फेब्रुवारी

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग डोकं फिरलं. तुझ्या वहिनीने पाणी आणून दिलं तेव्हा कुठे लिहायला बसलो. अगं, ते मशीन आहे की पाहुण्यांसमोर घालायचे ठेवणीतले कपडे?

आम्ही ज्या इमारतीची लिफ्ट सांभाळतो, तिथे कानाच्या डॉक्टरीणबाई बसतात. त्यांना तुझा टापटीपपणा सांगितला, तर त्यांनी कपाळावर हात मारला. त्या म्हणाल्या, चिकटपट्टी काढली की बॅटरीला हवा लागते आणि ती उतरायला लागते, मग मशीनमध्ये असो की डबीत. म्हणजे बाईसाहेब, तुम्ही जपून जपून पाकीट मारलंत! शिवाय मशीन सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कानात हवं. हे वय हातचं गेलं तर पुढे बोलणं फार अवघड होईल, असंही म्हणाल्या.

सुट्ट्यांच्या दिवशीही लिफ्टच्या खड्ड्यात उतरून मी ते मशीन घेतलं, ते कपाटाला ऐकू यावं म्हणून नाही. पत्र मिळताच किल्ली मागून घे. लोभ तेवढाच आहे, राग थोडा जास्त.

तुझा,
दादा

ता. १७ मार्च

ती. दादास,
सा. न.

डबी उघडून एकेक बॅटरी लावून पाहिली. सगळ्या गेलेल्या, म्हणून नव्या उधारीवर आणल्या. चूक माझी, कान पकडते. पण आता माझंही ऐकून घे.

मशीन रोज घालायला लागल्यापासून घराची घडीच मोडली. माझं शिलाई मशीन सुरू झालं की तो खडखडाट ठकीच्या कानात घुसतो आणि ती रडून घर डोक्यावर घेते. म्हणजे एक मशीन चालू ठेवायचं तर दुसरं बंद. ती जागी असेपर्यंत, ही कात्री, हा दोरा, हे बटण, असं तोंड दुखेस्तोवर बोलत बसते. दोन चांगली गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे गेली. पोरीचा कान वाढतोय, साचा सैल झाला की मशीन शिट्ट्या मारतं. नवा साचा म्हणजे पुन्हा दोन बस, आणि ठकी मला एकटीला आवरत नाही म्हणून यांचीही टेम्पोची फेरी बुडते.

सरकारी कचेरीत गेले. ते म्हणाले, योजनेत मशीन मिळतं, बॅटरी नाही. मग ते चालायचं कशावर, असं विचारलं तर साहेब म्हणाले, ते आमच्याकडे येत नाही. मागच्या गल्लीतल्या मुलीला त्यांनीच फोटो काढून मशीन दिलं होतं, ते केव्हाचं बंद पडलंय. सासूबाई म्हणतात, खुणांनी सगळं कळतं तिला, कशाला हा खटाटोप. कधी कधी मलाही तसंच वाटतं आणि मग माझाच मला राग येतो.

तुला तिथे बसून रागावणं सोपं आहे रे. तरी रागावत जा, निदान कुणीतरी विचारतंय असं वाटतं.

तुझी,
बेबी

ता. २ एप्रिल

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ.

तुझं खरं आहे. लिफ्ट बसवायला हात मोकळा आणि देखभालीला मूठ बंद, अशा मालकांना मी रोज शिव्या घालतो. मशीन घेऊन दिलं आणि माझं काम संपलं असं समजून मीही तेच केलं. आता दर पगाराला बॅटरीचं पाकीट पाठवीन. याहून जास्त ओढलं तर इथली चूल थंड होईल. चिकटपट्टीला हात लावलास तर याद राख. ठकीला पापा. तुमच्यावर लोभ आहेच, पगार वाढला की तोही वाढवीन.

तुझा,
दादा

ता. १४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

या महिन्याचं पाकीट आलं नाही. तुमच्या कंपनीने पगार अडकवल्याचं वहिनीने कळवलं, म्हणून तुला बोल लावत नाही.

शुक्रवारी शेवटची बॅटरी संपली. पूर्वी मशीन काढलं तरी ठकीला काही वाटायचं नाही. या वेळी तिने कान चाचपला, मशीन काढून माझ्या हातात ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, दे. खूण नाही दादा, शब्द! तिचा पहिला शब्द. सासूबाई आतून धावत आल्या. ठकी पुन्हा म्हणाली, दे.

मी तशीच दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, आधीची उधारी चुकती करा. वर्गाच्या बाईंना सांगितलं तर त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला नाही वाजवता आल्या. ज्या शब्दासाठी एवढा जिवाचा आटापिटा केला, तो आला तेव्हा द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

ती अजून दिवसभर माझ्या मागे मागे फिरून मागते आहे. पण स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नाही, म्हणून तो शब्द रोज थोडा थोडा पुसट होत चालला आहे. काल तर सासूबाईंना तो कळलाच नाही.

लोभाचं नंतर बघू. आधी पाकीट पाठव.

तुझी,
बेबी