तिसरीची वेळ

३ जानेवारी १९७५, शुक्रवार

दिलं नाव! तिघींचंही दिलं. आता काय व्हायचं ते होऊ दे.

नानासो म्हणजे शर्यतीच्या मंडळाचे अध्यक्ष. दुकानात गादीवर बसले होते. सव्वीस जानेवारीची सायकल शर्यत – वाईतून निघायचं, पसरणीचा घाट चढायचा, माथ्यावर मुरमाच्या वाटेनं डोंगराला वळसा घालायचा आणि परत वाईत उतरायचं. तिघांचा एक संघ. 'कोण कोण पोरं हायती?' म्हणाले. म्हटलं, पोरं नाहीत. मी, राही आणि शालू.

हसले. मग बघितलं की मी हसत नाहीये.

'आवं नर्सबाई, ही शर्यत बाप्यांची हाय.'

म्हटलं, तुमच्या फलकावर तसं कुठं आहे? तीन जण, तीन सायकली – एवढंच आहे. उठून पान थुंकून आले. शेवटी म्हणाले, 'यंदा महिला वर्ष हाय म्हनं सरकारचं. या तुमी. तेवढीच गंमत!'

गंमत! बघू कुणाची होते.

४ जानेवारी

डॉक्टरांनी बोलावून सांगितलं – दवाखान्याची सायकल शर्यतीला न्यायची नाही. पावसाळ्यात चिखलातून बाळंतपणांना जाते तेव्हा ती सायकल माझी. आता एकदम सरकारची झाली!

५ जानेवारी, रविवार

सकाळच्या एसटीनं लोणंदला गेले. आबांची सायकल मागितली. आबा पलटणीतून हवालदार होऊन रिटायर झालेले, त्यांना फार बोलायची सवय नाही. आई मात्र सुरू झाली – वय किती झालं तुझं, लग्नाचं बघायचं सोडून घाट कसले चढतेस. आबांनी सायकल पुसली, चेनला तेल सोडलं आणि म्हणाले, 'हरणे, पडलीस तर रडत येऊ नगंस.' एवढंच.

येताना एसटीच्या टपावर सायकल टाकली नाही. चालवतच आले. वाईत पोचले तेव्हा मांड्या नुसत्या थरथरत होत्या. पण काय वाटलं म्हणून सांगू! कुणाला सांगायचंय म्हणा.

८ जानेवारी

तिघी पहिल्यांदा घाटाला गेलो. पहाटे, म्हणजे मग कामावर वेळेत पोचता येतं. शालू कन्याशाळेत खेळ शिकवते. नदीच्या घाटावरच्या भटजींची मुलगी असून सलवार-कमीज घालून मधल्या आळीतून सायकल दामटते. तिला कशाची भीती म्हणून नाही. राही ग्रामसेविका, दोन लेकरांची आई. नवरा सयाजी सैन्यात, सीमेवर कुठंतरी. ती काष्टा मारून दांडीच्या सायकलवर बसते. मीही तसंच करते.

पहिल्या वळणाला शालू आणि मी पुढं. राही मागं. दुसऱ्या वळणाला फार मागं.

आणि नियम असा, की संघातल्या तिसऱ्याची वेळ धरतात. पहिली कितीही लवकर येवो, तिचं काही नाही. म्हणजे आमची वेळ ती राहीची वेळ. मनात आलं – दुसरी कुणी मिळाली असती तर! कुठून मिळणार? पंचक्रोशीत सायकल चालवणाऱ्या बायका तीन. त्या तिन्ही आम्हीच!

११ जानेवारी

राहीला आणायला गेले. तिची सासू पारूबाई दारातच बसलेली. मला ओट्यावर बसवलं. पाणी दिलं ते वरून, ओंजळीत. धाकट्या नातवाच्या वेळी रात्रभर याच घरात मी आत होते, तेव्हा काही विटाळ नव्हता! प्यायले नाही. म्हटलं, तहान नाही.

'सयाजी सुट्टीवर येऊ दे,' पारूबाई मला ऐकू जाईल असं म्हणाली, 'सायकलीचं तुकडं करून हिरीत टाकंल. लय रागीट हाय माझा ल्योक.'

राहीनं सायकल घेतली आणि निघाली. वाटेत म्हणाली, 'सायकलीचा राग हाय त्यांना. लग्न झाल्यापासनं. का, ते मला ठावं न्हाई.'

१५ जानेवारी

घाटात एसटीच्या खिडक्यांतून शिट्ट्या. एक म्हातारा ओरडला, 'घरी भाकऱ्या कोन बडवतंय गं?' शालूनं तिथंच सायकल आडवी घातली. गाडी थांबली. खिडकीशी जाऊन म्हणाली, 'बाबा, मी बडवूनच आलेय. तुम्ही काय करून आलात?' अख्खी गाडी हसली. कंडक्टरही.

१९ जानेवारी

मडगार्ड काढले. कॅरिअर काढलं. घंटीसुद्धा काढली. सायकली हडकुळ्या दिसतात – आमच्यासारख्याच!

राही अजून मागंच. पण ती उतरत नाही. आम्ही दोघी चढावर उतरून ढकलतो, ती बसूनच येते, हळूहळू, गाणं गुणगुणत. राग येतो मला. गाणं काय म्हणते!

२५ जानेवारी

सांगलीचा संघ आला. त्यांचा म्होरक्या बिराप्पा, जतकडचा. माणदेश काय आणि जत काय, पायांत नुसती ताकद. आमच्या सायकली बघून बाकीचे गालात हसले. तो हसला नाही. ब्रेक दाबून बघितले आणि म्हणाला, 'अक्का, हे रबर बदला. उताराला जळून जातंय बगा.' बदलले.

उद्या.

२६ जानेवारी, रविवार

संध्याकाळ झालीय. अक्षर नीट येत नाही. तरी सगळं इथं उतरवणार आहे.

झेंडावंदन झालं आणि नानासोंनी शिट्टी फुंकली. सगळ्यात मागं उभं केलं होतं आम्हाला. निघालो. गल्लीगल्लीत माणसं. 'आल्या आल्या!' म्हणत पोरं पळत होती. पसरणी गावाशी रस्त्यात मांडव! हळद-कुंकू, नारळ, हार, खुर्च्या. मंडळाचा एक माणूस हात आडवे करून उभा – 'बायकांची शर्यत हितं संपली! सत्कार हाय तुमचा! घाट तुमच्यासाठी न्हाई!'

म्हणजे असं ठरवलं होतं. आमच्या मागं, आम्हाला न सांगता.

शालू ओरडली, 'डावीकडून!' मांडवाच्या डावीकडं नांगरलेलं रान होतं. तिघी त्यात घुसलो. ढेकळांवरून सायकली उडत होत्या. मागं नारळाची पाटी कलंडल्याचा आवाज झाला. मी वळून बघितलं नाही.

घाट लागला. अंगात असा संताप भरला होता की मी एकदम पुढं निघाले. एक माणूस गाठला. दुसरा गाठला. शालू हाका मारत होती, 'हरणे, दमानं!' कसलं दमानं! सांगलीचा एक पोरगा बसून ओकत होता, त्यालाही मागं टाकलं. मला वाटलं, आज मी बिराप्पालाही गाठते.

आणि मग अर्ध्या घाटात, मोठ्या वळणाच्या वर, पाय संपले. दुसरा शब्द नाही. डोळ्यांपुढं पिवळं पिवळं. पायडल फिरेना. उतरले, तर उभंही राहता येईना. कठड्यावर बसले. मागं टाकलेले दोघं मला ओलांडून वर गेले. एकानं मागं बघून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं.

शालू आली. मग गुणगुणणं ऐकू आलं. राही! त्याच संथ चालीत. उतरली नाहीच. एक पाय टेकवला, कमरेचा गुळाचा खडा काढून माझ्या तोंडात कोंबला.

'बस सायकलीवर.'

म्हटलं, माझ्यानं होत नाही. तुम्ही जा.

'जाऊन काय करू? तिसरी तूच हायेस आता. तुजी वेळ धरणार हायती. बस.'

तिसरी! मी!

बसले. राहीनं डावा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि एका हातानं आपली सायकल धरून मला ढकलत निघाली. दुसऱ्या बाजूनं शालू. अध्येमध्ये त्या सोडायच्या, पुन्हा धरायच्या. संघातल्यानं संघातल्याला ढकललेलं चालतं, तसा नियमच आहे. राहीच्या हाताचा घाम माझ्या पोलक्यातून पाठीला लागत होता. मी रडत होते. लाज वाटून नाही. रागानंही नाही. कशानं ते मला आत्ताही कळत नाहीये.

माथ्यावर आलो तेव्हा वारा. मुरमाच्या वाटेला खडे असे की हँडल हातात राहीना. शालू एकदा पडली, गुडघा फुटला, बघितला आणि पुन्हा बसली. उताराला ब्रेक धरून धरून बोटं वाकडीच राहिली. रबर जळल्याचा वास यायला लागला, पण ब्रेक टिकले. घाट उतरलो. पसरणीच्या मांडवात आता कुणी नव्हतं. गावात शिरलो. गणपतीच्या घाटापाशी आलो.

शेवटच्या रेषेशी वेळ नोंदायचं टेबल उचललेलं. घड्याळ पिशवीत. सतरंजी गुंडाळणं चाललेलं.

'वेळ संपली,' नानासो म्हणाले.

आम्ही उभ्या होतो तेवढ्यात सांगलीचा तो ओकणारा पोरगा आला. लगेच टेबल मांडलं! घड्याळ बाहेर काढलं! वेळ लिहिली! बिराप्पा बाजूलाच होता. पहिला आला होता तो. नानासोंना म्हणाला, 'आमचा तिसरा ह्या अक्कांच्या मागनं आला. मी बघितलंय.' नानासो म्हणाले, 'पावण्यांनी मंडळाच्या कामात पडू नये.'

बिराप्पानं हार घालून घेतला नाही. हातात धरून तसाच उभा राहिला.

२७ जानेवारी

अंग ठणकतंय. तीन गावं फिरले तरी. सगळीकडं एकच – 'बाई, तुमी मधूनच घरी गेला म्हनं?' म्हणजे नानासोंनी पसरवलं! आम्ही घाट चढलोच नाही!

२९ जानेवारी

शालू म्हणाली, तक्रार करू. कुणाकडं? मंडळाची तक्रार मंडळाकडं?

राही म्हणाली, 'परत चढू.'

म्हटलं, कशाला? 'त्यांचं घड्याळ पिशवीत जातंय. एसटी स्टँडावरचं जातंय व्हय?'

२ फेब्रुवारी, रविवार

केलं!

एसटी स्टँडवरच्या मोठ्या घड्याळाखाली तिघी उभ्या राहिलो. गाड्यांची वाट बघणारी माणसं भोवती जमली. सातारा गाडीच्या ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, तीच आमची शिट्टी. यावेळी राही पुढं. तिच्या चालीनं चालायचं असं ठरवलं होतं. मी मुकाट तिच्या मागच्या चाकावर डोळे ठेवून चढले. एकदाही उतरले नाही. घाटात कोणी शिट्टी मारली नाही. एका गाडीतून तर कुणीतरी संत्री टाकली.

परत आलो तेव्हा स्टँड भरलेलं. गावोगावच्या बायका होत्या. मी ज्यांची बाळंतपणं केली त्याही, पोरं कडेवर घेऊन. तिघी एकदमच रेषेवर आलो, खांद्याला खांदा लावून. तिसरी कोण, ते कुणाला सांगताच आलं नाही! सव्वीस तारखेच्या निकालातले दोन संघ आमच्या वेळेच्या मागं होते.

नानासोही आले होते. 'हे मंडळाला मान्य न्हाई.'

शालूनं घड्याळाकडं बोट दाखवलं. 'मग मंडळानं शिडी आणून ते काटे मागं करावेत.'

लोक हसले ते हसले. नानासो निघून गेले. वेळ त्यांनी आजही लिहिली नाही. न लिहू दे! चारशे डोळ्यांनी लिहिलीय.

१० फेब्रुवारी

सयाजी आला. दोन महिन्यांची सुट्टी.

आज राही घाटाला आली नाही.

१२ फेब्रुवारी

आजही नाही. शालू म्हणते, आपण मध्ये पडू नये. मी म्हटलं, माझ्या पाठीवर तिचा हात होता. मी पडणार.

१३ फेब्रुवारी

गेले. पारूबाईनं ओट्याकडं बोट केलं. आज मी ओट्यावर थांबले नाही. चपला काढल्या आणि आत गेले. पारूबाई तोंडात पदर धरून बघत राहिली, पण अडवलं नाही.

सयाजी खाटेवर बसलेला. आडदांड माणूस, मिशा ओठावर आलेल्या. राही चुलीपुढं. सायकल कोपऱ्यात – अख्खी होती. मी उभ्यानंच सांगितलं, राही नसेल तर आमचा संघ नाही. तिनं काही वाईट केलेलं नाही. तुकडे करायचे असतील तर आधी माझ्या सायकलीचे करा.

त्यानं मिशीवरून हात फिरवला. मग विचारलं, 'घाट पुरा चढली ही?'

पुरा. दोनदा.

'आन उताराला? तोल कसा ऱ्हातो?'

कसली ही उलटतपासणी! म्हटलं, राहतो. सवयीनं राहतो.

त्यानं मान हलवली.  राहीनं माझ्याकडं बघितलंही नाही. परत येताना मला वाटलं, सगळं बिघडवून आले मी.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहाटे घाटाच्या पायथ्याला राही आली. सायकल हातात. मागं सयाजी! शालूनं दगड उचलला होता.

तो माझ्यापुढं येऊन खाली बघत म्हणाला, 'बाई, मला येत न्हाई सायकल. पलटणीत सुदिक कुनाला सांगितलेलं न्हाई.'

राहीच्या सायकलीवर बसवला त्याला. दोनदा उसात गेला. तिसऱ्यांदा राहीनं मागून सीट धरली, तसा निघाला डुगडुगत. 'सोडू नगंस गं! सोडू नगंस!' ओरडत होता.

तिनं हात केव्हाच सोडला होता.