सदर इसमाची चौकशी

सोमवार, २ फेब्रुवारी. सकाळी साडेसात.

आजपासून रोजनिशी. नियम: मोजकं लिहायचं, खरं लिहायचं, स्वतःची स्तुती नको. बत्तीस वर्षं रेल्वेत तिकीट तपासनीस होतो, एकही विनातिकीट माणूस हातून सुटला नाही, पण त्याबद्दल इथे लिहिणार नाही. चहा दिवसाला दोनच कप.

काल जेवताना चिमीने सांगितलं, तिने लग्न ठरवलंय. स्वतःच! मुलगा गुरांचा डॉक्टर. ती ज्या तालुक्यात शाळेवर शिकवते तिथलाच. म्हणाली, बाबा, एकदा भेटा, चेहरा बघा, मग काय ते बोला. मी म्हटलं, चेहरा बघून मी जन्मात कुणाला गाडीत बसू दिलं नाही. मी तिकीट बघतो. माणूस खोटं बोलेल, कागद नाही बोलणार. त्यावर ही म्हणाली, मग मुलीचं लग्न कागदाशीच लावू या. दुर्लक्ष केलं.

निर्णय: मुलाला भेटायचं नाही. आधी त्याचे कागद. यापुढे त्याचा उल्लेख 'सदर इसम'. तालुक्याच्या नोंदणी कचेरीत जन्म, मृत्यू, लग्न, जमीन, दंड सगळ्याच्या नोंदी असतात आणि त्या कुणालाही बघता येतात. फार तर दोन दिवसांचं काम.

मंगळवार, ३ फेब्रुवारी.

बस चुकली. वेळापत्रक चूक होतं. मी वेळेवरच होतो, फक्त चुकीच्या फलाटावर.

बुधवार, ४ फेब्रुवारी.

पोचलो. एक लांबट खोली, दोन बाकं, कुरकुरणारा पंखा, खिडकीमागे एक बाई. आत शिरताना रजिस्टरमध्ये नाव, वेळ आणि कामाचं स्वरूप लिहावं लागतं. मी 'गोपनीय' लिहिलं. बाई म्हणाल्या, अहो, इथे गोपनीय काहीच नसतं. मी नुसता सूचक हसलो.

भिंतीकडचं बाक धरलं. डोक्यावर सूचनाफलक आहे आणि त्याला एक झकास खिळा. बाई नुकताच त्यावर एक ताजा कागद लावून गेल्या होत्या. खिळ्याला माझी पिशवी टांगली, आत डबा. बाई म्हणाल्या, पिशवी काढा, कागद झाकला जातोय. मी म्हटलं, बाई, हे असले फलक कोण वाचतो? पहिल्याच दिवशी कर्मचाऱ्यांना डोक्यावर बसू द्यायचं नसतं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी.

चष्मा घरी राहिला. (हिने आठवण करून दिली नाही.) जुन्या रजिस्टरातली अक्षरं म्हणजे मुंग्यांची वरात. डोळे चोळत बसलो होतो तेवढ्यात एक उंच माणूस शेजारी येऊन बसला. चौकडीचा शर्ट, तिशीतला, अंगाला कसल्याशा औषधाचा वास. जुन्या कागदांना कसर लागते, त्याचं औषध असणार. म्हणजे हाही माझ्यासारखाच संशोधक. त्याने आदबीने नमस्कार करून नाव-गाव सांगितलं, पण मी नेमका तेव्हा बाकाखाली खोडरबर शोधत होतो. परत कशाला विचारा. चौकडीवाला म्हटलं की झालं.

त्याने आपणहून विचारलं, वाचून दाखवू का? दाखव म्हटलं.

सोमवार, ९ फेब्रुवारी.

मोठी प्रगती! सदर इसमाच्या आजोबांना दोनदा दंड झालेला. शेळ्या दुसऱ्याच्या शेतात घातल्या म्हणून. दोनदा! चौकडीवाल्याने वाचता वाचता स्वतःच हसून सांगितलं, त्या शेळ्या फारच वांड होत्या, आजोबा बिचारे मागून पळायचे. रजिस्टरमध्ये हे काहीच लिहिलेलं नाही. कसलेला संशोधक दिसतोय, ओळींच्या मधलं वाचतो.

घरी आल्यावर आजोबांचं गुन्हेगारी प्रकरण चिमीसमोर ठेवलं. ती म्हणाली, शेळ्यांचं ना? मला माहीत आहे. मग विचारलं, बाबा, भेटलात ना त्याला? मी म्हटलं, मी फक्त कागदांना भेटतो. ती आईकडे बघत राहिली आणि आई कढईकडे.

गुरुवार, १२ फेब्रुवारी.

हादरलो.

सदर इसमाच्या नावाने मुख्य सूची चाळली. सदर इसमाची तीन लग्नं झालेली आहेत. पंप चोरल्याबद्दल दोन महिने कैद. जन्म, शहाण्णव वर्षांपूर्वी. आणि बारा वर्षांपूर्वी मृत्यू!

चौकडीवाल्याने कळकळीने समजावलं, काका, त्या नावाची या तालुक्यात पाच माणसं आहेत, हा पलीकडच्या टोकाचा. मी म्हटलं, तू अजून लहान आहेस. विनातिकीट सापडला की प्रत्येकजण हेच सांगतो, साहेब, तो मी नव्हेच. तो उठला आणि माझ्यासाठी चहा घेऊन आला. (आजचा पाचवा. तो धरायचा नाही, कारण मागवला नव्हता.)

शुक्रवार, १३ फेब्रुवारी.

हिला सांगितलं, तुझा होणारा जावई बारा वर्षांपूर्वी वारलाय. ही म्हणाली, बरं झालं, मानपान करायला नको. या घरात गांभीर्य म्हणून उरलेलं नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी.

आज काम चालू असताना एक शेतकरी धापा टाकत आला आणि चौकडीवाल्याला म्हणाला, डॉक्टर, चला लवकर, गाय अडलीये. तो तसाच धावत गेला. म्हणजे गडी पीएच.डी. आहे! मला वाटलंच होतं. पण शिकलेल्या माणसाला लोक कसल्या कसल्या कामांना जुंपतात बघा. दोन तासांनी परत आला, बाह्यांना चिखल, चेहरा खुललेला. कालवड झाली म्हणाला. मी म्हटलं, छान, आता तीन नंबरचं रजिस्टर काढ.

बाईंनी आज पुन्हा पिशवी काढायला सांगितलं. नववी वेळ. म्हणाल्या, तुमच्या डब्यातलं तेल गळतंय कागदावर, आणि एकदा वाचून तरी बघा त्यावर काय आहे. मी म्हटलं, मी रेकॉर्ड वाचायला येतो, भिंती वाचायला नाही. त्यांनी कपाळावर हात मारला. कामाचा ताण असेल.

रविवार, २२ फेब्रुवारी.

कचेरी बंद. करमत नाही. घरातली कपाटं तपासली. संशयास्पद: नवीन चपला (हिच्या), एक मोठा खोका (चिमीचा, हात लावू दिला नाही), माझ्या ठेवणीतल्या कोटाला नवीन बटणं. कुणीतरी काहीतरी शिजवतंय. पण एका वेळी एकच चौकशी, हा माझा नियम.

चिमी जेवताना कचेरी, नोटीस, तीस दिवस असं काहीतरी सांगत होती. मी म्हटलं, नोटिसा मी हयातभर दिल्या आहेत, मला नोटिशीचं काय सांगतेस? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, बाबा, तुम्ही तिथे रोज जाता ना, मग एकदा मान वर करून बघा. मी म्हटलं, मान वर करायला मला कुणाच्या बापाची भीती नाही. ती ताटावरून उठून गेली. उगाच. मी काय वाईट बोललो? माझा सगळा खटाटोप तिच्यासाठीच चाललाय. एकुलती एक आहे. कुणा पंपचोराच्या हाती कशी देऊ?

झोप लागली नाही. पंख्यामुळे.

बुधवार, २५ फेब्रुवारी.

चौकडीवाल्याला सहज विचारलं, तुझं लग्न झालंय का? तो लाजला. म्हणाला, ठरलंय, पण सासरे अजून माझ्याशी धड बोललेले नाहीत. मला असला संताप आला! म्हटलं, काही बाप असतात असे हेकट. सोन्यासारखा मुलगा समोर उभा असताना दिसत नाही म्हणजे काय? डोळे आहेत की बटणं? पत्ता दे, मी स्वतः येऊन त्या म्हाताऱ्याला चार शब्द सुनावतो. तो म्हणाला, काका, पत्ता तसा... आणि खिडकीमागे बाईंना एकदम जोराचा ठसका लागला. त्यांना पाणी देण्यात विषय राहून गेला.

मनात आलं ते लिहून ठेवतो, कारण ही रोजनिशी कुणी वाचणार नाही: चिमीला असा कुणी भेटायला हवा होता.

सोमवार, २ मार्च.

अहवाल लिहायला घेतला. चाळीस पानांचा होईल. शीर्षकाभोवती चौकट आखली. छान आली. उरलेला दिवस त्यात गेला.

गुरुवार, ५ मार्च.

अहवाल पूर्ण. सव्वादोन पानं. मुद्देसूद लिहिण्याचे फायदे. निष्कर्ष: सदर इसम (मयत) हा स्वभावाने चोर असून त्याचे पूर्वज शेळ्यांवर ताबा ठेवण्यास असमर्थ होते. सबब लग्नास नकार. उद्या त्यावर कचेरीचा शिक्का घेतो आणि विषय कायमचा संपवतो.

शुक्रवार, ६ मार्च. सकाळी साडेनऊ.

ही आणि चिमी सकाळीच नटूनथटून गेल्या. ही म्हणाली, कोट घालून अकराच्या आत या. मी म्हटलं, मला आज कचेरीत महत्त्वाचं काम आहे. ही म्हणाली, तिथेच या. जाताना चिमी दारातून मागे वळली आणि विचारलं, याल ना बाबा? मी म्हटलं, मी रोजच जातो.

कोट घातला. अहवालाला शोभेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी पाच.

लिहितो. खरं लिहायचं असा नियम आहे.

अकराला दहा कमी असताना पोचलो. आत शिरून नेहमीप्रमाणे पिशवी टांगायला हात वर केला, तर बाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, आज नाही. मग त्यांनी फलकावरचा तो कागद काढून माझ्या हातात दिला. मधोमध तेलाचा डाग, माझ्या डब्याएवढा. आज चष्मा होता. वाचला.

लग्नाची नोटीस. चिमीचं नाव, खाली वडिलांचं नाव म्हणून माझं, शेजारी सदर इसमाचं. कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांच्या आत कळवावं. बाई म्हणाल्या, महिनाभर तुम्ही याच्या खालीच बसला होता, आज मुदत संपली, आणि तुमच्या पिशवीमुळे दुसऱ्या कुणालाही हरकत घेता आली नाही.

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. ही नव्या चपला घालून उभी. चिमी निळ्या कपड्यांत, डोळे दाराकडे लावून. आणि तिच्या शेजारी चौकडीचा शर्ट. नवाकोरा, इस्त्रीचा, पण चौकडीचाच.

मी त्याचा चेहरा पाहिला. महिनाभर शेजारी बसला होता, पण खरं म्हणजे आज पहिल्यांदा. चांगला आहे. कान जरा मोठे आहेत.

अहवाल कोटाच्या खिशात सरकवला. बाई म्हणाल्या, साक्षीदार तीन लागतात, दोन झालेत, एक आई आणि एक तो गायवाला शेतकरी, तिसरे तुम्ही का? मी कोट नीट केला. हो म्हटलं. बाई म्हणाल्या, मग ओळखपत्र दाखवा.

कोट चाचपला, पिशवी उपसली. अख्ख्या तालुक्याच्या शेळ्यांचा इतिहास होता, पंपाचा होता, शहाण्णव वर्षांपूर्वीचा जन्म होता. मी कोण, याचा एकही कागद नव्हता. नेहमीच्या जुन्या कोटात राहिला. (बटणांमुळे. नाही, बटणांमुळे नाही. मीच विसरलो.)

बाई म्हणाल्या, कागदाशिवाय कसं चालेल? बत्तीस वर्षं हे वाक्य मी म्हणत आलो. समोरची माणसं तेव्हा कशी उभी असत, ते आज कळलं. मी म्हटलं, बाई, माझ्याकडे बघा तरी, तुम्ही ओळखता मला. त्या म्हणाल्या, मी नुसती पिशवी ओळखते.

तेव्हा जावई पुढे झाला. म्हणाला, मी ओळखतो यांना, महिनाभर शेजारी बसतोय, हे माझे सासरे. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, नवरदेव हमी घेत असेल तर बसा. मी विनातिकीट बसलो. चिमी रडत हसत होती. ही नुसतीच हसत होती.

सही केली. बाई म्हणाल्या, बाहेरच्या रजिस्टरमध्ये आजची नोंद राहिली आहे. गेलो. वर बघितलं तर माझ्या हातचं 'गोपनीय' बावीस वेळा, एकाखाली एक. पेन नव्हतं, जावयाने दिलं. नाव लिहिलं, वेळ लिहिली, आणि कामाचं स्वरूप: मुलीचं लग्न.