माळा आता तुम्हीच झाडा

अहो,

मी वळसंगला आईकडे जाते आहे. भाकरी दुरडीत आहेत, डाळ झाकून ठेवली आहे.

माळ्यावरच्या वटवाघळांची पिल्लं उडायला लागली. दिवस मावळला की सगळी बाहेर पडू द्या, बॅटरी मारून आत कुणी राहिलं नाही ना ते बघा, मगच भिंतीतलं भोक बुजवा. पिल्लं कोंडून मरतील म्हणून तुम्ही एवढे दिवस थांबलात, चांगलंच केलंत.

पण त्यांच्या लेंड्या रोज माझ्याकडून कोरड्याच झाडून घेतल्यात. काल मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, हा लेंड्यांचा धुरळा छातीत बसलाय. तुम्हाला माळ्यावर चढवू नका, असं तुमचे मालक मागे औषध न्यायला आले तेव्हाच मी त्यांना सांगितलं होतं की!"

आणि तुम्ही त्या दिवशी घरी येऊन मला म्हणालात, "साधा खोकला हाय, कामाला लाग."

आता लेंड्या तुम्हीच काढा. आधी पाणी शिंपडून भिजवा, नाकातोंडाला फडकं बांधा. तरी खोकला लागलाच, तर निरोप धाडा, मी येईन. नुसतं मला न्यायला मात्र येऊ नका.

गौरम्मा