गोळीच्या वेळची कविता

आबा, आता मी तुमच्यापेक्षा म्हातारा झालो आहे, तरी भांडण तेच आहे. साठ सालच्या आसपासचा कपाशीचा हंगाम. भरल्या गाडीवर उभे राहून तुम्ही दोर ताणत होता, दोर तुटला आणि तुम्ही पाठीवर पडलात. कणा मोडला, कमरेखालचं अंग लुळं पडलं. मी नुकताच मास्तर लागलो होतो. रजा काढून मोठ्या दवाखान्यात तुमच्या उशाशी येऊन बसलो. लघवीसाठी रबरी नळी घातलेली. तिला हात लावण्याआधी साबणाने हात कसे धुवायचे, तुम्हाला कुशीवर कसं वळवायचं, हे नर्सबाईंनी मला शिकवलं. नळीतून जंतू शिरले की ताप येतो, म्हणून त्या लाल-पिवळ्या कॅप्सूल. एकही चुकवायची नाही, असं त्यांनी तुम्हाला बजावलं होतं.

अजून डोळ्यांसमोर आहे: वॉर्डच्या खिडकीतून कडुनिंब दिसतो आहे. गोळी तुमच्या हातात, पाण्याचा पेला माझ्या. आणि तुम्ही म्हणता, “म्हन रे मास्तर, ती नदीनी कविता.” शाळेतल्या कविता मला अजून पाठ आहेत, आणि त्या मी डोळे मिटूनच म्हणतो. म्हणून झाली की विचारायचो, “घेतली?” तुम्ही रिकामी मूठ उघडून दाखवायचात. “लिधी ना!” शेतातून दमून येणाऱ्या माझ्या बापाला अखेर कविता आवडू लागली, या आनंदात मी वॉर्डभर तरंगत असे.

तापीकाठच्या आपल्या गावचे पाव्हणे मात्र थांबत नव्हते. नर्सबाई त्यांना पलंगापासून लांब बसवायच्या, तरी जाताना प्रत्येक जण तुमचा हात हातात घ्यायचाच. एके दिवशी घराशेजारच्या गुजर काकी दुसऱ्यांदा आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “आबा, मांगली गोयी आखो एक द्या ना. मन्हा गुडघा भलता मोकया व्हयना!”

मागच्या भेटीत तुम्ही दिलेल्या गोळीने म्हणे त्यांचा गुडघा मोकळा झाला होता! नर्सबाईंनी उशीच्या अभ्र्यात हात घातला, तर चार कॅप्सूल निघाल्या. “म्हणून ताप हटत नाही होय! अहो, अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, निबर होतात. आता या गोळीला ते जुमानणार नाहीत.”

“पाव्हनाले रिकामा कसा जाऊ देऊ, बाई? आठे मन्हाजोडे दुसरं काय शे?”

“आबा, मला घेतली म्हणत होता तुम्ही!” मी म्हणालो.

“तू पानी दिधं, मी पानी पिधं,” तुम्ही चक्क हसलात. “तुन्हा डोया मिटेल ऱ्हायेत, त्याले मी काय करू?”

काकीही हसल्या, बाजूच्या पलंगावरचा तोरणमाळचा माणूसही हसला. मी नळावर जाऊन उगाच हात धूत राहिलो. डॉक्टरांनी औषध बदललं, ते लागू पडलं नाही. मग तुम्हाला कोपऱ्यात वेगळं ठेवलं, तुमचे निबर जंतू इतरांकडे जाऊ नयेत म्हणून. पाव्हणे बंद झाले. तापाच्या गुंगीत तुम्ही कविता मागितली नाहीत, मी म्हटली नाही. आणि तुम्ही गेलात.

गावात अजून सांगतात, आबाच्या दारातून कोणी रिकाम्या हाताने गेला नाही. मी मान हलवतो. माझ्या हातात काय दिलंत, ते कुणी विचारत नाही. कविता तुम्हाला खरंच आवडायची की नाही, एवढं तरी सांगून जायचं होतं.

तुम्हाला माफ केलं, असं लिहायला सकाळी बसलो होतो. दुपार कलली. ते वाक्य काही लिहवलं नाही.