आईची साक्ष

नेवासा, ता. ९ फेब्रुवारी

प्रिय शांतवन यास, फिलोमिनाअक्काचा सलाम व अ. उ. आशीर्वाद.

फोनवर बोलले की यांना अंथरुणातून सगळं ऐकू जातं, आणि पक्षाघाताचं माणूस, नुसतं रडत राहतं. म्हणून पत्र. काल पारनेरला वृद्धाश्रमात आईला भेटले. वेणी घालताना पदर सरकला, तर दंडावर बोटांचे काळेनिळे वळ. म्हणाली, पलंगाची कड लागली. शेजारच्या दगडाबाई मात्र हळूच म्हणाल्या, अंथरूण ओलं झालं की मनकर्णा आया लई मारती. मी समाजकल्याण कार्यालयात तक्रारअर्ज दिला आहे. घाबरू नकोस. एडविन, सूनबाई एंजल व नातवंडांस आशीर्वाद.

तुझी अक्का

पुणे, ता. १७ फेब्रुवारी

ती. अक्कास शांतवनचा सलाम. वि. वि.

शाळेत मास्तरांची तक्रार तू करायचीस आणि छड्या मी खायचो, ते आठवलं. अर्ज दिलास ते बरंच केलंस. पण आश्रमवाले म्हणाले की घेऊन जा आईला, तर कुठे नेणार? तुझ्याकडे भाऊजींचं तसं. इथे एडविनच्या दोन खोल्या, मी स्वतः गॅलरीत झोपतो. आईला सांग, विचारलं की खरं बोल.

तुझा शांतवन

नेवासा, ता. १२ मार्च

प्रिय शांतवन यास अ. उ. आशीर्वाद.

काल चौकशीच्या बाई आल्या. फरशी फिनेलने धुतलेली, चादरी कोऱ्या. बाई खरंच भल्या होत्या. व्यवस्थापकाला बाहेर काढलं, आईचा हात हातात घेतला आणि विचारलं, आजी, इथे कसं ठेवतात? आई म्हणाली, देवाची कृपा हाय, काही कमी न्हाई.

अरे, दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी खाताना पाहुण्यांना हेच सांगायची. अप्पा गेले त्या दिवशी फादरना हेच. कुरकुर करणं पाप, हे तिनेच आपल्याला शिकवलं. वळ तर केव्हाच गेलेले. दगडाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बाईंनी दोनदा विचारलं, मग ‘समाधानी’ असं लिहून घेतलं. मी आईवर चिडले, तर म्हणते, परक्या बाईपुढं रडगाणं गायचं व्हय?

प्रार्थनेत आठवण ठेव.

अक्का

पुणे, ता. २१ मार्च

ती. अक्कास सलाम.

आश्रमातून मला फोन आला. तक्रार खोटी होती असं लिहून द्या, नाहीतर महिनाअखेर आईला न्या. एडविनला विचारलं. उत्तर एंजलने दिलं. माझं इथे काय चालतं, तुला माहीत आहे. सही करून टाक. मला काय बोलायचं ते बोल, पण कर.

शांतवन

नेवासा, ता. १४ एप्रिल

प्रिय शांतवन यास आशीर्वाद.

सही केली. आता भेट ऑफिसातच होते आणि मनकर्णा बाजूला उभी असते. आईचा ओठ फाटलेला होता. मी विचारलं नाही. मनकर्णा जरा दाराशी गेली तेव्हा आई घाईघाईने म्हणाली, ईस्टरला मला लुगडं नको. तिला साडी आन, चांगली, काठाची. मग हात हलका चालंल तिचा.

मी दहा दुकानं पालथी घालणारी बाई. काल पहिल्याच दुकानात घेतली. दुकानदाराला म्हटलं, याहून चांगली असेल तर दाखवा. हिरवी आहे.

शनिवारी जाईन. तिच्या हातात हसून द्यायची आहे. तेवढं मला जमावं म्हणून प्रार्थना कर.

तुझी अक्का